लॅपटॉपच्या पोटातला ओळंबा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १०ची नेहमीची सुरक्षा-अपडेट थांबली. विंडोज ११ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. झालं, धडधाकट लॅपटॉप एका तारखेत म्हातारे ठरले. तेव्हापासून गल्लीतले लोक मला एकच विचारतात, "यावर ते लिनक्स टाकून मिळंल काय?" मिळतं. लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी टाकता येणारी फुकट सिस्टम. वायफाय, आवाज, कॅमेरा हे बहुतेक वेळा पहिल्याच झटक्यात चालतं. घोडं अडतं ते घडीच्या लॅपटॉपवर. घडीचा म्हणजे ज्याची स्क्रीन बिजागरीवरून पार मागं वळते आणि लॅपटॉपचा टॅबलेट होतो तो. दुकानात त्याला कन्व्हर्टिबल किंवा टू-इन-वन म्हणतात.

माझ्या मामांकडं असाच एक आहे. मामांनी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात मशीनशॉपमध्ये आयुष्य काढलं, आता घरी असतात आणि सकाळी ई-पेपर वाचतात. पेपरचं पान उभं, म्हणून लॅपटॉपही उभा धरायचा. विंडोजवर स्क्रीन आपली आपण फिरायची. मी लिनक्स टाकून दिलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला, "आरं, मान मोडून वाचायचं काय मी?" मी जायच्या आधीच त्यांनी तो राजारामपुरीतल्या एका दुकानात दाखवून आणला होता. तिथल्या पोरानं दोनदा हलवून बघितला आणि सांगितलं, "सेन्सर गेलाय, ह्याचा पार्ट येत नाही."

सेन्सर गेला नव्हता. अशा तक्रारींमध्ये तो क्वचितच गेलेला असतो.

## स्क्रीन फिरते तेव्हा नक्की काय होतं?

आपल्याला वाटतं, लॅपटॉप फिरवला की स्क्रीन फिरते, म्हणजे एकच काम आहे. प्रत्यक्षात तो चार हातांतून जाणारा निरोप आहे. लॅपटॉप कसा धरलाय ते एक चिप मोजते. ते माप कर्नल उचलतो. कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, यंत्राच्या सुट्या भागांशी बोलणारा. तिसरा गडी त्या आकड्यांवरून "डावी कड वर आहे" असा साधा निष्कर्ष काढतो. आणि चौथा, म्हणजे डेस्कटॉप, तो निष्कर्ष ऐकून चित्र फिरवतो. डेस्कटॉप म्हणजे आपल्याला दिसणाऱ्या खिडक्या, मेनू, बटणं सांभाळणारा कारभारी.

निरोप या चौघांपैकी कुणाकडंही अडकला तरी बाहेरून दिसतं ते सारखंच, स्क्रीन फिरत नाही. म्हणून इंटरनेटवर कुणीतरी दिलेला उपाय जसाच्या तसा उतरवून घेणं बहुतेक वेळा फुकट जातं. त्याचा निरोप चौथ्याकडं अडकलेला असतो आणि तुमचा दुसऱ्याकडं. आधी तो कुठं अडकलाय ते बघायचं.

## चिपमधला ओळंबा

पहिला गडी म्हणजे ॲक्सेलरोमीटर. नाव अवघड आहे, पण काम गवंड्याच्या ओळंब्याचं. ओळंबा कुठंही धरा, दोरी जमिनीकडंच ओढली जाते. या चिपमध्ये सिलिकॉनचा एक अतिसूक्ष्म तुकडा तितक्याच सूक्ष्म स्प्रिंगांवर टांगलेला असतो. गुरुत्वाकर्षणानं तो किंचित सरकतो, आणि किती सरकला ते विजेच्या मापात कळतं. एक्स, वाय आणि झेड अशा तीन दिशांना हे माप घेतलं जातं. लॅपटॉप स्थिर असेल तर तिन्ही मिळून ९.८ च्या आसपास बेरीज होते (साधी नव्हे, वर्गांची करून वर्गमूळ काढलेली). तो आकडा शाळेत पाठ केलेल्या गुरुत्व त्वरणाचा. यातला मोठा वाटा कोणत्या दिशेला गेला त्यावरून कुठली कड वर आहे ते ठरतं.

यातून एक गंमत निघते, आणि तिच्यामुळं पुष्कळांची फसगत होते. मामांनी लॅपटॉप टेबलावर आडवा, थाळीसारखा ठेवला आणि भोवऱ्यासारखा गरगर फिरवला. स्क्रीन ढिम्म. "बघ, बंदच हाय." पण टेबलावर सपाट ठेवल्यावर सगळं वजन एकट्या झेडवर येतं, आणि कितीही फिरवला तरी एक्स-वायचे आकडे शून्याजवळच राहतात. ओळंबा टेबलावर आडवा ठेवला तर भिंत सरळ आहे की तिरकी ते सांगेल का? लॅपटॉप निदान पुस्तकासारखा कलता धरूनच तपासायचा.

## एका कमांडीत निदान

या चिपचे आकडे घेणारा कर्नलमधला विभाग म्हणजे आयआयओ, लांब नाव इंडस्ट्रियल आय-ओ. मोजमाप करणारी पुष्कळ उपकरणं त्याच्याकडं. मामा खूश झाले, "इंडस्ट्रियल म्हणजे आमचंच की!" त्या आकड्यांचा अर्थ लावणाऱ्या तिसऱ्या गड्याचं नाव आयआयओ-सेन्सर-प्रॉक्सी. उबुंटू आणि फेडोरा या लिनक्सच्या दोन प्रकारांच्या मुख्य आवृत्त्यांत तो आयताच असतो, इतर ठिकाणी नसेल तर याच नावाचं पॅकेज टाकून घ्यावं लागतं.

आता मुद्द्याची गोष्ट. टर्मिनल, म्हणजे कमांड लिहायची काळी खिडकी, उघडा आणि मॉनिटर-सेन्सर ही कमांड द्या. इंग्रजीत, सगळी लहान अक्षरं, दोन शब्दांच्या मध्ये जागा न सोडता आडवी रेघ. एंटर मारा आणि लॅपटॉप हळूहळू एकेका कडेवर उभा करा. नुसतं बघत राहिलात तरी कळतं.

"नो ॲक्सेलरोमीटर" असं आलं तर निरोप पहिल्या दोघांतच अडकलाय. चिपला लागणारा ड्रायव्हर, म्हणजे तिच्याशी बोलणारा प्रोग्राम, त्या कर्नलमध्ये नाही, किंवा आहे पण जागा झालेला नाही. इथं सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे अलीकडचा कर्नल असलेली आवृत्ती वापरून बघणं, कारण असे ड्रायव्हर सतत भर पडून येत असतात. लॅपटॉप झोपवून उठवल्यावरच हे होत असेल तर आधी नुसता रिस्टार्ट करा.

ॲक्सेलरोमीटर सापडला आणि कडा बदलताना नॉर्मल, लेफ्ट-अप, राइट-अप, बॉटम-अप असे शब्द बदलत गेले, तर खालचे तिघे शुद्धीवर आहेत आणि दोष चौथ्याचा, डेस्कटॉपचा. लेफ्ट-अप म्हणजे डावी कड वर, बाकीचे तसेच.

मामांच्या लॅपटॉपवर शब्द बदलत होते. म्हणजे चूक माझी. यंत्र जुनं म्हणून मी त्यावर एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप टाकला होता, आणि त्यात आपोआप फिरवायची सोयच नाही. निरोप दारापर्यंत येत होता, दार उघडायला कुणी नव्हतं. ग्नोम किंवा केडीई प्लाझ्मा या मोठ्या डेस्कटॉपांत ही सोय अंगभूत आहे. मी ग्नोम टाकला, स्क्रीन मागं वळवली, उभी धरली. फिरली! फक्त उलटी फिरली. पेपरचा मथळा खाली आणि जाहिराती वर.

## ओळंबा ठीक, पण उलटा बांधलेला

इथं माझी दुसरी चूक कळली. मॉनिटर-सेन्सरमध्ये शब्द बदलतायत एवढं बघूनच मी हुरळलो होतो. कुठले शब्द येतायत ते वाचलंच नव्हतं. परत लावून बघितलं तर लॅपटॉप सरळ धरला की ते बॉटम-अप म्हणत होतं, आणि डावी कड वर केली की राइट-अप.

कारखान्यात मदरबोर्ड बनवताना ही चिप जिथं जागा मिळेल तिथं, जमेल त्या कोनात बसवतात. चिपचा एक्स आणि स्क्रीनचा एक्स जुळलाच पाहिजे असं काही नाही. मामांना हे मला समजवावंच लागलं नाही, त्यांनीच मला त्यांच्या व्हीएमसीवरून समजावलं. व्हीएमसी म्हणजे प्रोग्रामवर चालणारं धातू कापायचं मशीन, आणि जॉब म्हणजे त्यावर बांधलेला तुकडा. "व्हीएमसीवर जॉब उलटा बांधला तर प्रोग्राम चुकत नाही, एक्स-वाय फिरतात. मग जॉब परत बांधायचा, नाहीतर प्रोग्रामला सांगायचं, बाबा हा असा बांधलाय." चिप उखडून परत बांधता येत नाही, तेव्हा प्रोग्रामला सांगणं एवढंच उरतं.

हे सांगण्याच्या पद्धतीला माउंट मॅट्रिक्स म्हणतात. नऊ आकडे, तीन ओळींत. चिप सरळ बसवलेली असेल तर ते असे:

१, ०, ०; ०, १, ०; ०, ०, १

पहिली ओळ सांगते की खरा एक्स कसा काढायचा: चिपचा एक्स पूर्ण घ्या, वाय आणि झेड अजिबात नको. दुसरी ओळ वायची, तिसरी झेडची. मामांच्या लॅपटॉपमध्ये चिप अर्ध्या वेढ्यानं, म्हणजे १८० अंशांत फिरलेली होती. एक्स आणि वाय दोन्ही उलटे, झेड जसाच्या तसा:

-१, ०, ०; ०, -१, ०; ०, ०, १

चूक पाव वेढ्याची असती, म्हणजे सरळ धरल्यावर लेफ्ट-अप किंवा राइट-अप आलं असतं, तर एक्सच्या ओळीत वायची एक आणि वायच्या ओळीत एक्सची एक गेली असती, त्यातल्या एकीला उणे चिन्ह लागून.

हे आकडे राहतात हार्डवेअरच्या एका मोठ्या यादीत, जिला एचडब्ल्यूडीबी म्हणतात. ही यादी सिस्टमडी या, लिनक्स चालू करून सांभाळणाऱ्या, प्रकल्पाबरोबर येते आणि तिच्यात कितीतरी मॉडेलांच्या नोंदी आधीच आहेत, म्हणून बहुतेकांना हा धडा वाचायची वेळच येत नाही. तुमचं मॉडेल नसेल तर ईटीसी फोल्डरमध्ये यूडेव्ह, त्यात एचडब्ल्यूडीबी-डॉट-डी, अशा कप्प्यात आपली छोटी फाइल ठेवायची. मूळ यादीचा क्रमांक ६०, आपल्या फाइलचं नाव ६१ नं सुरू करायचं, म्हणजे ती नंतर वाचली जाते आणि तिचं म्हणणं चालतं. आत दोनच ओळी. पहिलीत चिपचं नाव आणि लॅपटॉपचं मॉडेल, दुसरीत ते नऊ आकडे. मूळ यादी उघडून शेजारची एखादी नोंद समोर ठेवली की साचा मिळतो. मग यादी ताजी करायची कमांड (सिस्टमडी-एचडब्ल्यूडीबी, पुढं अपडेट) प्रशासकाच्या हक्कानं चालवायची आणि लॅपटॉप रिस्टार्ट.

एक बारीक खाच सांगून ठेवतो. दुसऱ्या ओळीच्या सुरुवातीला एक मोकळी जागा लागते. पहिली ओळ अगदी कडेपासून, दुसरी एक घर सोडून. मी ते घर सोडलं नव्हतं. आकडे बरोबर, मॉडेल बरोबर, आणि तरी मथळा खाली. मामींनी दोनदा चहा दिला, मामांनी दोनदा "राहू दे" म्हटलं, तेव्हा कुठं नजर त्या कडेवर गेली. स्पेसबार एकदा दाबला, रिस्टार्ट केला, मथळा वर.

## घडी घातलीय हे त्याला कळतं कसं?

आणखी एक प्रश्न उरतो. मांडीवर घेऊन टाइप करताना लॅपटॉप जरा तिरका झाला तर स्क्रीन फिरून चालेल का? म्हणून ग्नोम आधी बघतो की लॅपटॉप टॅबलेट झालाय का, आणि झाला असेल तरच ॲक्सेलरोमीटरचं ऐकतो. केडीईच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये हे तुमच्यावर सोपवलंय: आपोआप फिरव, आणि हवं तर फक्त टॅबलेट असतानाच.

टॅबलेट झालाय हे सांगतो वेगळाच स्विच. फ्रिजचं दार उघडलं की आतला दिवा लागतो, जवळपास तसलाच प्रकार. पुष्कळ लॅपटॉपांत एका बाजूला लोहचुंबक आणि दुसऱ्या बाजूला त्याला ओळखणारा सेन्सर असतो. काहींमध्ये स्क्रीनला एक आणि कीबोर्डला एक असे दोन ॲक्सेलरोमीटर असतात, आणि दोघांच्या आकड्यांतून बिजागरीचा कोन काढला जातो. स्विच लागला की कीबोर्ड आणि टचपॅड आपोआप बंद पडतात, कारण घडी घातल्यावर आपली बोटं मागून त्यांच्यावरच असतात. तो बिघाड नव्हे, सोय आहे.

बिघाड होतो तो स्विच खोटं बोलला की. काही मॉडेलं उघडी असतानाही "मी टॅबलेट आहे" म्हणतात, आणि मग लॅपटॉपचा कीबोर्डच मुका होतो. हे इतकं झालं की कर्नलमधल्या इंटेलच्या एका ड्रायव्हरनं ठरावीक, खात्रीच्या मॉडेलांचाच शब्द मानायचा म्हणून यादी ठेवली. तुमचं मॉडेल त्या यादीत नसेल तर स्विच चांगला असूनही त्याचं कुणी ऐकत नाही. मॉनिटर-सेन्सर बरोबर, डेस्कटॉप बरोबर आणि तरी स्क्रीन फिरत नाही, असं असेल तर संशय या स्विचवर घ्या. लिबइनपुट डीबग-इव्हेंट्स ही कमांड प्रशासकाच्या हक्कानं लावून घडी घाला. टॅबलेट-मोड असा शब्द उमटला तर स्विच जिवंत आहे. काहीच उमटलं नाही तर ग्नोमसाठी स्क्रीन रोटेट नावाचं एक्स्टेन्शन आहे, ते स्विचची वाट बघत नाही.

## चित्र फिरलं, बोट फिरलं नाही

हा छळ जुन्या पद्धतीच्या सिस्टमवर होतो. चित्र उभं होतं, पण बोट उजव्या कोपऱ्यात लावलं की दाबलं जातं भलतंच काही. कारण चित्र आणि बोटाचा स्पर्श यांची कारभारं वेगळी होती. एक्स ११ ही चित्र दाखवायची व्यवस्था १९८७ सालची. तेव्हा फिरणारी स्क्रीन कुणाच्या स्वप्नात नव्हती. तिच्यात चित्र एका कमांडीनं फिरवायचं आणि स्पर्शाची दिशा दुसऱ्या कमांडीनं, परत नऊ आकडे देऊन.

२००८ मध्ये सुरू झालेल्या वेलँड या नव्या व्यवस्थेत चित्र आणि स्पर्श एकाच कारभाऱ्याच्या हातात असतात, त्यामुळं दोन्ही बरोबर फिरतात. उबुंटू आणि फेडोराचा आजचा ग्नोम वेलँडवरच चालतो. पण म्हणूनच जुन्या लेखांतला एक्सरँडर या कमांडीचा उपाय वेलँडवर लागू पडत नाही. लेख खोटा नसतो, त्याचा काळ गेलेला असतो. घडीचा लॅपटॉप असेल तर वेलँडच घ्या, यावर मी तरी आता वाद घालत नाही.

## "विंडोजवर आपोआप चालायचं, मग लिनक्स कच्चंच म्हणायचं ना?"

हे मला दर दोन महिन्यांनी ऐकावं लागतं. विंडोजवर ते आपोआप चालत नव्हतं, चालवून दिलेलं होतं. चिप कुठल्या कोनात बसवली हे कंपनीला माहीत होतं, तिनं ते विंडोजच्या ड्रायव्हरमध्ये लिहून दिलं आणि मग लॅपटॉप विकला. लिनक्ससाठी ते तिनं लिहिलं नाही, तर कुणीतरी वापरणाऱ्यानंच एका रात्री टेबलावर बसून शोधून काढलं.

मग लगेच दुसरा बाण येतो: "अँड्रॉइड पण लिनक्सच ना? फोन कसा फिरतो?" बरोबर आहे, कर्नल लिनक्सचाच. पण फोन बनवणाऱ्यानं आपल्या फोनची चिप कशी बसवलीय ते आधीच सांगून ठेवलेलं असतं. म्हणजे अडचण लिनक्समध्ये नसून त्या नऊ आकड्यांत आहे, आणि ते आकडे कोण देणार यात.

## "एवढा खटाटोप कशाला?"

खरं सांगायचं तर सगळ्यांनी करायची गरज नाही. दिवसातून एकदाच पेपर वाचायचा असेल तर सेटिंगमध्ये डिस्प्ले उघडा आणि ओरिएंटेशनमध्ये पोर्ट्रेट निवडा. सेन्सर मेलेला असला तरी हे चालतं. मामांना मी आधी हेच सुचवलं होतं. "मग त्यो सेन्सर आत ठेवलाय कशाला?" असं त्यांनी विचारलं, आणि उद्यमनगरात घडलेल्या माणसाला यावर उत्तर देता येत नाही.

जुना घडीचा लॅपटॉप विकत घेणार असाल, किंवा विंडोज पुसायच्या आधी खात्री हवी असेल, तर पेनड्राइव्हवर उबुंटू किंवा फेडोरा घ्या आणि तो लावून लॅपटॉप चालू करा. काही इन्स्टॉल न करता सगळी सिस्टम पेनड्राइव्हवरूनच चालते, हार्डडिस्कला हात लागत नाही. मॉनिटर-सेन्सर लावा, लॅपटॉप चारी कडांवर उभा करा, घडी घालून बघा, बोट लावून बघा. पाच मिनिटांचं काम, विकणाऱ्यासमोरही करता येतं.

## ते नऊ आकडे पुढं पाठवा

मामांच्या लॅपटॉपची नोंद मी सिस्टमडीच्या यादीसाठी पाठवून दिली. ती घेतली गेली की त्याच मॉडेलचा दुसरा मालक, नागपूरचा असो नाहीतर ब्राझीलचा, लिनक्स टाकेल तेव्हा स्क्रीन सरळ फिरेल आणि त्यात काही अडचण होती हे त्याला कळणारही नाही. मामांनी एवढंच विचारलं, "पैसं किती देतात?" काही देत नाहीत म्हटल्यावर म्हणाले, "मग जागा सोडायची ती लिहिलीस नव्हं?" लिहिली होती.

आता त्यांची तक्रार निराळी आहे. दुपारी कुशीवर पडून वाचताना लॅपटॉपही कुशीवर होतो, आणि स्क्रीन इमानदारीनं फिरते. त्यावर ग्नोमच्या वरच्या उजव्या कोपऱ्यातल्या मेनूत फिरण्याला कुलूप लावायचं बटण असतं. कीबोर्डवर विंडोजच्या चिन्हाची कळ आणि ओ एकत्र दाबूनही ते लागतं. पण घडी घातल्यावर कीबोर्ड बंद असतो, त्यामुळं ही कळ आडवं व्हायच्या आधीच दाबायची. आणि महिन्याभरानं "परत बिघडलंय" असा फोन आला, तर पहिल्यांदा ते कुलूप उघडं आहे का बघायचं.